ज्वारीतलं लायसिन, पिंपरीतलं पेनिसिलिन

(मोहोळ येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रब्बी ज्वारीवर काम करणाऱ्या संशोधकाला मोहोळची ओळख करून द्यावी लागत नाही. १९३०च्या दशकात इथे शेतकऱ्यांच्या मालदांडी ज्वारीतून कणसं निवडत निवडत एक वाण वेगळं काढलं गेलं, तेच मालदांडी ३५-१. त्यानंतर कितीतरी सुधारित वाण आले. तरी नव्या रब्बी वाणाची परीक्षा घ्यायची म्हटलं की शेजारच्या वाफ्यात तुलनेला अजूनही एम ३५-१ पेरतात. काळ्या जमिनीत नुसत्या ओलीवर येणारं, टपोऱ्या चमकदार दाण्याचं, भाकरीला गोड आणि कडब्याला सरस असं हे वाण आहे. मला त्याच्याबद्दल फार आदर आहे. तरीही आजच्या विषयाची सुरुवात मी त्याच्या एका उणिवेपासून करणार आहे, कारण त्या उणिवेची भरपाई जगानं जिवाणूंकडून करून घेतली.

ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असतं. प्रथिनं वीस अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांतली नऊ माणसाच्या शरीराला तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. लायसिन त्या नऊंपैकी एक. मोठ्या माणसाला १०० ग्रॅम प्रथिनामागे साधारण साडेचार ग्रॅम लायसिन लागतं. ज्वारीच्या प्रथिनात ते २ ग्रॅमच्या आसपास असतं. ज्वारीचा दाणा आपली प्रथिनं मुख्यतः कॅफिरिन या रूपात साठवतो आणि कॅफिरिनमध्ये लायसिन जवळजवळ नसतंच. एक अमिनो आम्ल कमी पडलं की शरीर बाकीची एकोणीसही तेवढ्याच प्रमाणात वापरू शकतं, उरलेली जाळून टाकतं. आपल्याकडे भाकरीबरोबर पिठलं, तुरीची आमटी, मटकीची उसळ असते आणि डाळींच्या प्रथिनात लायसिन भरपूर असतं, म्हणून हे अन्न पुरं पडतं. ज्या घरात डाळ महाग झाली म्हणून ताटातून गेली, तिथल्या लहान मुलांना ही उणीव पहिल्यांदा भोवते.

वनस्पतिशास्त्रज्ञांनी यावर प्रयत्न केले. १९७३ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या रामेश्वर सिंग आणि जॉन ॲक्सटेल यांना इथिओपियातल्या ज्वारीच्या संग्रहात जास्त लायसिनचे दोन वाण सापडले. त्या वेळी मोठी आशा निर्माण झाली होती. पण त्यांचा दाणा सुरकुतलेला आणि वजनाला हलका होता, आणि शेतकरी असा दाणा पेरत नाही. ती वाट तिथेच अडली. आज जगात लायसिनची टंचाई वेगळं लायसिन मिसळून जिथे भरून काढतात, तिथे ते जिवाणूंनी तयार केलेलं असतं. दरवर्षी वीस लाख टनांहून अधिक लायसिन अशा रीतीनं बनतं आणि त्यातलं बहुतेक कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जातं.

या सभागृहात पोल्ट्रीवाले कोणी असतील तर त्यांनी ते पोतं पाहिलेलं आहे. फिकट तपकिरी किंवा पांढरट दाणेदार पूड, वर छापलेलं असतं ‘एल-लायसिन एचसीएल, ९८.५ टक्के’. मक्याच्या प्रथिनातही ज्वारीसारखीच लायसिनची उणीव असते. खाद्यात थोडं लायसिन मिसळलं की सोयापेंड कमी घालून भागतं, म्हणून ते विकलं जातं. त्या पोत्यावरचं ‘एल’ हे अक्षर मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण जिवाणूंच्या विकरांचं, म्हणजे ज्यांना आपण रोज एन्झाइम म्हणतो त्यांचं, सगळं सामर्थ्य त्या एका अक्षरात आहे.

अमिनो आम्लांचे रेणू दोन प्रकारचे असू शकतात. अणू तेच, जोडणीही तीच, पण एकाची मांडणी दुसऱ्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखी. डाव्या आणि उजव्या पायाची चप्पल एकाच चामड्याची, एकाच मापाची असली तरी एकीत दुसरा पाय जात नाही, तसं हे आहे. सजीवांची प्रथिनं ‘एल’ जातीच्या अमिनो आम्लांची बनतात. प्रयोगशाळेत साध्या रासायनिक पद्धतीनं लायसिन तयार केलं तर निम्मं एल आणि निम्मं डी निघतं, आणि डी-लायसिन कोंबडीच्या काही उपयोगाचं नाही. मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल मात्र बाजारात डी आणि एल असं एकत्रच विकतात, कारण कोंबडीच्या शरीरात डी-मेथिओनिनचं एल करून घेण्याची सोय आहे. लायसिनसाठी तशी सोय नाही. म्हणून लायसिन जिवाणूंकडूनच करून घ्यावं लागतं. जिवाणूंची ती विकरं स्वतःच एकाच जातीच्या अमिनो आम्लांनी घडलेली असल्यामुळे एकाच बाजूचा रेणू बनवतात.

हे कसं साधलं ते सांगायला १९५६ च्या जपानात जावं लागेल. क्योवा हाक्को या कंपनीत शुकुओ किनोशिता आणि शिगेझो उदाका हे मातीतून असा जिवाणू शोधत होते जो अमिनो आम्ल स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त बनवून बाहेर सोडेल. टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातल्या मातीत त्यांना तो मिळाला. आज त्याला कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम म्हणतात. तो ग्लुटामिक आम्ल ढिगानं सोडत होता. लायसिन मात्र त्याच्याकडून सहज मिळालं नाही, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जिवाणू ॲस्पार्टिक आम्लापासून लायसिन बनवतो. या वाटेवरचं पहिलं विकर ॲस्पार्टोकायनेज. पेशीत लायसिन आणि थ्रिओनिन ही दोन्ही पुरेशी साठली की ती दोघं मिळून या विकराला बांधली जातात आणि त्याचं काम थांबतं. जिवाणू काटकसरी असतो. लागेल तेवढंच करतो. किनोशितांच्या गटानं असं वाण निवडलं की ज्याला थ्रिओनिनच्या आधीचं होमोसेरीन बनवताच येत नाही. थ्रिओनिन नाही, म्हणजे एकट्या लायसिनला पहिलं विकर थांबवता येत नाही, आणि लायसिन साचत जातं, बाहेर पडत जातं. १९५८ मध्ये हे जगापुढे आलं. जिवाणूंच्या हजारो वसाहतींतून एक निवडायची, तिची पुढची पिढी तपासायची, पुन्हा निवडायची. मोहोळला ज्यांनी मालदांडीतून ३५-१ काढली त्यांना हे काम ओळखीचं वाटलं असतं.

आता आपल्या भागाशी थेट संबंध असलेली एक गोष्ट सांगतो. हा जिवाणू साखरेवर वाढतो आणि उसाची मळी हे त्याचं स्वस्त खाद्य. पण ग्लुटामिक आम्ल काढताना उसाच्या मळीत एक अडचण येते. बायोटिन या जीवनसत्त्वाची टंचाई असेल तरच हा जिवाणू ग्लुटामिक आम्ल बाहेर सोडतो, आणि उसाच्या मळीत बायोटिन भरपूर असतं. जिवाणू तिच्यावर छान फोफावतो, पण आम्ल पेशीतच धरून ठेवतो. यावर तोडगा निघाला तो पेनिसिलिनचा. वाढ भरात असताना टाकीत मोजकं पेनिसिलिन टाकलं की पेशीची नवी भिंत कच्ची राहते आणि आम्ल बाहेर झिरपायला लागतं. म्हणजे साखर कारखान्याच्या मळीतून अमिनो आम्ल काढायचं तर मधे पेनिसिलिन लागलं. पेनिसिलिन आणि अमिनो आम्लं यांचं नातं याहून कितीतरी जवळचं आहे, आणि ते नातं महाराष्ट्रात, पुण्याजवळ पिंपरीत, फार मोठ्या कामाचा विषय झालं.

हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा देशातला सार्वजनिक क्षेत्रातला पहिला औषध कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं पिंपरीत उभा राहिला. १९५५ मध्ये तिथं पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. आजच्या पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीची सुरुवात याच कारखान्यापासून झाली. पेनिसिलिन बनवणारी बुरशी तीन अमिनो आम्लं जोडून काम सुरू करते: सिस्टीन, व्हॅलिन आणि अमिनोॲडिपिक आम्ल. यातलं तिसरं हे बुरशीत लायसिन बनण्याच्या वाटेवरच तयार होतं. म्हणून टाकीत लायसिन जास्त झालं तर बुरशी ती वाट बंद करते आणि पेनिसिलिन घटतं. आम्हा किण्वनवाल्यांना, म्हणजे फर्मेंटेशनवाल्यांना, हे पहिल्यांदा वाचताना नवल वाटतं. पण निसर्गात लायसिन आणि पेनिसिलिन ही शेजारशेजारच्या वाटांवरची मंडळी आहेत.

बुरशीला टाकीत फेनिलॲसिटिक आम्ल पुरवलं की ती ते रेणूच्या शेंड्याला जोडते आणि पेनिसिलिन-जी मिळतं. पुढे अडचण अशी आली की पेनिसिलिन-जी पोटातल्या आम्लात टिकत नाही आणि अनेक जिवाणूंवर ते चालत नाही. १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या बीचम कंपनीच्या बॅचलर, डॉईल, नेलर आणि रोलिन्सन यांनी शेंड्याशिवायचा नुसता गाभा वेगळा करून दाखवला. १९५९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तो गाभा म्हणजे ६-अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल, कारखान्याच्या भाषेत ६-एपीए. त्याच्या एका टोकाला अमिनो गट आणि दुसऱ्या टोकाला आम्लाचा गट, म्हणजे रसायनशास्त्राच्या व्याख्येनं तेही एक अमिनो आम्लच. त्याला हवा तो नवा शेंडा जोडला की नवं औषध: अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन.

पण पेनिसिलिन-जीचा शेंडा कापणं सोपं नाही. या रेणूत दोन अमाइड बंध आहेत. एक शेंडा आणि गाभा जोडणारा, साधा आणि चिवट. दुसरा गाभ्याच्या चौकोनी वलयातला, ताणलेला आणि नाजूक. त्या वलयावरच औषधाचा गुण अवलंबून आहे. आम्ल किंवा अल्कली घालून रेणू फोडायला गेलात तर आधी नाजूक वलय फुटणार आणि औषध वाया जाणार. आपल्याला नेमकं उलटं हवं असतं: चिवट बंध तुटावा आणि नाजूक शाबूत राहावा. रसायनज्ञांनी उणे ४० अंशांपर्यंत थंड करून, फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि डायक्लोरोमिथेनसारखी द्रव्यं वापरून हे साधलं. ती पद्धत कारखान्यांत बरीच वर्षं चालली. एवढी थंडी धरून ठेवायला वीज किती लागते आणि उरलेलं द्रावण जातं कुठे, हे चिंचोळी एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्यांना मी सांगायची गरज नाही.

१९६० मध्ये वेगवेगळ्या गटांना आढळलं की एशेरिकिया कोलाय या आतड्यातल्या नेहमीच्या जिवाणूच्या काही वाणांत एक विकर आहे जे हाच चिवट बंध कापतं आणि वलयाला हातही लावत नाही. पेनिसिलिन असायलेज हे त्याचं नाव. सदतीस अंशांच्या आसपास, पाण्यात, पीएच आठच्या जवळ ते काम करतं. या विकराची जन्मकथा मला अजूनही थक्क करते. जिवाणू ते एका लांब साखळीच्या रूपात बनवतो आणि त्या रूपात ते निष्क्रिय असतं. मग ते स्वतःलाच कापतं. मधला ५४ अमिनो आम्लांचा तुकडा गळून पडतो, दोन साखळ्या उरतात, आणि कापल्यामुळे दुसऱ्या साखळीच्या अगदी टोकाला जे सेरीन उघडं पडतं तेच पुढे आयुष्यभर पेनिसिलिनचा बंध तोडतं. म्हणजे या विकरानं आयुष्यात कापलेला पहिला बंध त्याचा स्वतःचा असतो.

जिवाणू हे विकर मुळात कशासाठी बाळगतो? माणसाच्या शरीराच्या तापमानाला तो ते फारसं बनवतच नाही. त्याहून थंड वातावरणात, ग्लुकोज नसताना आणि फेनिलॲसिटिक आम्ल मिळालं तर बनवतो. यावरून असा अंदाज केला जातो की आतड्याबाहेर, माती-पाण्यात राहताना फेनिल गटाची संयुगं फोडून अन्न मिळवायला त्याला ते लागत असावं. पेनिसिलिनशी त्याचा मूळ संबंध नसावाच. आपण त्याच्या पोटापाण्याच्या एका साधनाला औषधाच्या कामाला लावलं आहे.

पिंपरीत या विकरावर वर्षानुवर्षं काम झालं. सुधाकरन आणि बोरकर यांनी १९८५ मध्ये ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन’मध्ये पेनिसिलिन कापणाऱ्या जिवाणूंच्या विकरांचा विस्तृत आढावा घेतला. जगभरातले या विषयावरचे लेख अजून त्याचा दाखला देतात. १९९० मध्ये शेवाळे, देशपांडे, सुधाकरन आणि आंबेडकर यांचा या विकरांच्या उपयोगांवरचा लेख आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. सरकारी कारखान्याच्या संशोधन विभागातून असा लेख निघतो आणि परदेशातले लोक तो संदर्भ म्हणून वापरतात, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. मला ती सांगावीशी वाटते.

कारखान्यात हे काम प्रत्यक्षात कसं होतं तेही पाहू. विकर पाण्यात मोकळं टाकलं तर एका खेपेत वाहून जाईल, म्हणून ते बारीक मण्यांवर पक्कं बसवतात. १९७३ मध्ये ओसाकाच्या तानाबे सेयाकू कंपनीत इचिरो चिबाता यांच्या गटानं कोलाय जिवाणू जेलमध्ये कोंडून फ्युमॅरिक आम्ल आणि अमोनियापासून ॲस्पार्टिक आम्ल काढायला सुरुवात केली; तेच जिवाणू महिनोन्‌महिने काम देत राहिले. पेनिसिलिनसाठीही तोच मार्ग. टाकीत पेनिसिलिन-जीचं द्रावण घेतात, त्यात मणी सोडतात आणि हळूहळू ढवळतात. बंध तुटू लागला की फेनिलॲसिटिक आम्ल मोकळं होतं आणि पीएच खाली येऊ लागतो. यंत्र लगेच अल्कलीचे थेंब सोडून तो जागेवर आणतं. ऑपरेटर पाहतो तो अल्कलीच्या मोजपात्राकडे. आधी थेंब भराभर पडतात, मग विरळ होतात, मग थांबतात. थेंब थांबले म्हणजे पेनिसिलिन संपलं. मग तळाच्या जाळीतून द्रावण गाळून घेतात, मणी टाकीतच राहतात आणि पुढच्या खेपेला तयार असतात. चांगले मणी शेकडो खेपा चालतात. द्रावणात आम्ल घालत पीएच चारच्या जवळ आणला की स्वच्छ पाणी एकदम दुधाळ होतं आणि ६-एपीएचे पांढरे स्फटिक तळाशी बसू लागतात. फेनिलॲसिटिक आम्ल वेगळं करून पुन्हा बुरशीच्या टाकीकडे पाठवता येतं.

अमॉक्सिसिलिनचा दुसरा भाग, म्हणजे नवा शेंडा, तोही अमिनो आम्लच आहे: पॅरा-हायड्रॉक्सिफेनिलग्लायसिन. आणि हे अमिनो आम्ल डी जातीचंच लागतं. इथेही जिवाणूच धावून आले. फिनॉल, ग्लायॉक्झिलिक आम्ल आणि युरिया यांच्यापासून हायडँटॉइन हे संयुग साध्या रसायनशास्त्रानं करता येतं, पण ते डी आणि एल मिसळलेलं असतं. जिवाणूंचं हायडँटॉइनेज हे विकर त्यातलं फक्त डी उघडतं. उरलेलं एल सौम्य अल्कलीत आपोआप डीमध्ये बदलत राहतं आणि विकर तेही उचलतं. अखेर सगळाच माल डी होतो, काहीच वाया जात नाही. जपानच्या कानेगाफुची कंपनीनं १९८०च्या सुमारास हे उद्योगात आणलं. नंतर ॲग्रोबॅक्टेरियमचं कार्बामॉयलेज हे दुसरं विकर जोडून शेवटची रासायनिक पायरीही काढून टाकली गेली. ॲग्रोबॅक्टेरियम हा मूळचा झाडांच्या खोडावर गाठी आणणारा जिवाणू. बागायतदार त्याला शत्रू मानतात, तरी आपल्या घरातल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूलमध्ये त्याच्या विकराचा हात असू शकतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, पेनिसिलिन असायलेजच्याच कुळातल्या दुसऱ्या विकराचा माग घेतला गेला. बॅसिलस स्फेरिकस या जिवाणूचं पेनिसिलिन-व्ही असायलेज. हेप्झिबा शिवरामन, अर्चना पुंडले, सी. जी. सुरेश आणि त्यांचे सहकारी यांनी इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या गाय आणि एलिनॉर डॉडसन यांच्याबरोबर १९९९ मध्ये त्याची त्रिमिती रचना प्रसिद्ध केली. गाय डॉडसन हे डोरोथी हॉजकिन यांच्या गटातले, आणि हॉजकिनबाईंनीच १९४५ मध्ये पेनिसिलिनच्या रेणूची रचना क्ष-किरणांनी उलगडली होती. पुण्याच्या या कामातून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. या विकराची बांधणी आपल्या आतड्यातल्या जिवाणूंच्या पित्तक्षार फोडणाऱ्या विकराशी जुळते. ते विकर पित्ताला जोडलेलं ग्लायसिन किंवा टॉरिन सोडवतं. २००६ मध्ये पुणे-यॉर्कच्या गटानं बायफिडोबॅक्टेरियमच्या त्या विकराची रचनाही काढली आणि दोघांचं नातं पक्कं झालं. पेनिसिलिन कापणारं हत्यार आणि पित्तातून अमिनो आम्ल सोडवणारं हत्यार एकाच पूर्वजाचं आहे हे आपल्या पुण्यातल्या माणसांनी दाखवलं.

मग प्रश्न असा की एवढं सगळं घडूनही आज आपण कुठे आहोत? इथे मी माझं मत स्पष्ट मांडतो. विकराच्या शास्त्रात आपण मागे नव्हतो. आपण हरलो ते त्याच्या आधीच्या पायरीवर, पेनिसिलिनच्या किण्वनावर. असायलेजच्या मण्यांना खायला पेनिसिलिन-जी लागतं. १९४०च्या दशकापासून बुरशीचं वाण सुधारत गेलं आणि सुरुवातीच्या एका मिलिलिटरला दोन-चार युनिटांवरून उत्पादन हजारो पटींनी वाढलं. चीनमध्ये प्रचंड टाक्या, स्वस्त ग्लुकोज आणि सातत्यानं सुधारत गेलेली वाणं यांच्या जोरावर भाव इतका खाली आला की आपले कारखाने एकामागून एक थांबले आणि आपण पेनिसिलिन-जी आणि ६-एपीए आयात करू लागलो. पिंपरीचा कारखाना १९९७ मध्ये आजारी उद्योगांच्या मंडळाकडे गेला. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं देणी फेडण्यासाठी त्याची जादा जमीन विकायला मंजुरी दिली. २०२० मध्ये साथीच्या काळात औषधांच्या कच्च्या मालासाठी परदेशावर किती अवलंबून आहोत हे उघड झालं तेव्हा ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आली आणि तिच्या यादीत पेनिसिलिन-जी होतं. २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकीनाडाजवळ त्याचं उत्पादन पुन्हा सुरू झालं. पिंपरीला जे १९५५ मध्ये जमलं होतं ते आपण जवळजवळ सत्तर वर्षांनी नव्यानं मांडतो आहोत.

हे मी मोहोळमध्ये का सांगतो आहे? किण्वनाला साखर लागते आणि साखर इथे आहे. टाकळी सिकंदरचा भीमा, अनगरचा लोकनेते आणि आसपासचे इतर कारखाने गाळप हंगामात जी मळी काढतात तिचा आज मुख्य मार्ग आसवनी. एक किलो साखरेतून शास्त्राच्या हिशेबानं जास्तीत जास्त अर्धा किलोच्या आसपास अल्कोहोल निघतं, बाकीचा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चांगल्या वाणाचा जिवाणू त्याच एक किलो साखरेतून अर्धा किलोच्या आसपास लायसिन देऊ शकतो. इथेनॉलचा धंदा किती नाजूक आहे हे डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर मर्यादा आली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. एकाच खरेदीदारावर, एकाच धोरणावर सगळा ऊस टाकून ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

पण मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. इथेनॉलचं यीस्ट दणकट असतं. आम्लात आणि स्वतःच्याच अल्कोहोलमध्ये बाकीचे जंतू फारसे टिकत नाहीत, म्हणून आसवनीत निर्जंतुकीकरण ढिलं असलं तरी चालतं. लायसिनच्या टाकीत एक परका जंतू शिरला की दोन दिवसांत सगळी साखर त्याची. जिवाणूंना मारणारा विषाणू शिरला तर टाकीच रिकामी करावी लागते. हवा लागते ती निर्जंतुक आणि प्रचंड. अमोनिया लागतो. उष्णता इतकी निघते की सोलापूरच्या उन्हाळ्यात टाकी थंड ठेवणं हाच मोठा खर्च. आणि निचऱ्याचं पाणी आसवनीच्या स्पेंटवॉशइतकं नसलं तरी भारीच असतं. सीना आणि भीमेच्या काठच्या माणसांना मळीच्या पाण्याचा अनुभव आहे, तेव्हा ती व्यवस्था आधी आणि टाकी नंतर हा क्रम पाळलाच पाहिजे. शुद्धीकरणाचा खर्चही आसवनीच्या ऊर्ध्वपातनापेक्षा वेगळ्या जातीचा आहे. एखाद्या कारखान्यानं एकदम मोठी टाकी उभी करावी असं मी म्हणणार नाही. लहान टाकी, तीन-चार हंगाम आणि रात्रपाळीतही वसाहत तपासणारी माणसं, इथून सुरुवात करावी. पिंपरीत पेनिसिलिन पिकवलं ते अशाच माणसांनी, आणि अशी माणसं वर्षानुवर्षांच्या सरावातून तयार होतात.

समोर महाविद्यालयातली मुलंमुली बसलेली दिसतात, त्यांच्यासाठी थोडं. पुण्याच्या एनसीएलमध्ये औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. महाविद्यालयांना तिथून शुल्क भरून कल्चर मिळतं. कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम मागवा. कारखान्यातून लिटरभर मळी आणा, पातळ करा, गाळा, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करा, थोडं अमोनियम सल्फेट आणि पीएच धरायला चॉक घाला. तीन दिवस हलवत ठेवा आणि रोज एक थेंब क्रोमॅटोग्राफीच्या कागदावर लावून निनहायड्रिन फवारा. जांभळे डाग येतील. बायोटिनची अडचण तुम्हाला तिथेच दिसेल: मळी जास्त घातली की जिवाणू घट्ट वाढेल आणि ग्लुटामिक आम्लाचा डाग फिका पडेल. त्यावर दुसऱ्या बाटलीत वाढ भरात असताना मोजकं पेनिसिलिन घालून बघा. लायसिनचा डाग मात्र या वाणात फारसा दिसणार नाही. त्यासाठी होमोसेरीन न बनवणारं वाण वेगळं मागवावं लागेल आणि त्याला वाढण्यापुरतं थ्रिओनिन आणि मेथिओनिन बाहेरून मोजून द्यावं लागेल. थ्रिओनिन जास्त झालं तर लायसिन पुन्हा बंद होईल, तेव्हा ते किती द्यायचं हेच पहिल्या महिन्याचं काम.